रणगाड्याच्या पोटात कुठला रंग मारायचा?

मागच्या अंकात माझ्या टी-३४-८५ या सोव्हिएत रणगाड्याच्या मॉडेलचा टरेट, म्हणजे वरचा फिरणारा तोफेचा भाग, बाजूला काढून आतला फोटो छापला, तेव्हापासून लोकांनी बाहेरचा चिखल, बाहेरचा गंज सगळं सोडून फक्त आतलंच विचारायचा धडाका लावलाय. म्हणून हा महिना पूर्ण आतला. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्यांनी तीन-तीन पानं लिहिलीत त्यांची जरा काटछाट केलीय, राग मानू नका.

प्रश्न: दादा, मिनीआर्ट कंपनीचं टी-३४-८५ चं किट घेतलं, आतल्या सगळ्या भागांसकट येतं ते. आतून मस्त पांढरा मारला आणि मग सगळ्यावर काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, फिरवला. आता ते बाथरूमच्या कोपऱ्यासारखं दिसतंय, बायको म्हणाली बुरशी आली का याला. वाचेल का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर: वाचेल हो. वहिनींचं निरीक्षण मात्र बरोबर आहे, पांढऱ्यावर काळा वॉश म्हणजे बुरशीच.

आधी बघा वॉश कसला होता. इनॅमल किंवा ऑइलचा असेल आणि खाली टामिया, व्हॅलेहो वगैरे अ‍ॅक्रिलिक पांढरा असेल तर काळजीच नाही. बिनवासाचं व्हाइट स्पिरिट घ्या, ब्रश बुडवा, टिश्यूवर टेकवून जवळजवळ कोरडा करा आणि भिंतीवर वरून खाली ओढत राहा, दर दोन फटकाऱ्यांनी टिश्यूवर पुसत. आठवडा झाला असला तरी बराच वॉश निघतो, हट्टी डागाला इअरबड. पण वॉश अ‍ॅक्रिलिक असेल आणि वाळला असेल तर तो निघायचा नाही. मग एअरब्रशने पांढऱ्याचा एक पातळ कोट भिंतीच्या मधल्या भागावर मारा आणि कोपऱ्यातला काळा तसाच राहू द्या, फुकटात शेडिंग झालं म्हणायचं. मी स्वतः एकदा असंच निभावलंय आणि लोकांनी विचारलं की प्रीशेडिंग, म्हणजे रंगाच्या आधी मारायच्या सावल्या, कसं केलं, मी पण गप्प बसलो.

आता पुढच्या वेळेसाठी. पहिली गोष्ट, शुद्ध पांढरा नको. टामियाच्या एक्सएफ-२ या पांढऱ्यामधे दहा थेंबांना एक-दोन थेंब डेक टॅन, म्हणजे एक्सएफ-५५, टाका. एवढ्याशा मॉडेलमधे शुद्ध पांढरा फ्रिजच्या दारासारखा दिसतो आणि त्याच्यावर पुढे उजेड दाखवायला काही शिल्लकच राहत नाही. दुसरी गोष्ट, वॉशच्या आधी ग्लॉस किंवा निदान सॅटिन व्हार्निश हवंच. मॅट रंग टिपकागदासारखा वॉश पितो, म्हणूनच तुमचे डाग पसरले. तिसरी गोष्ट, वॉशचा रंग. मी महागडी बाटली आणत नाही, कॅमलिनची बर्न्ट अंबरची ऑइलची ट्यूब, त्यात किंचित पांढरा, किंचित काळा, की मळकट तपकिरी-करडा रंग तयार. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवा म्हणजे जादाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो, नाहीतर आठवडाभर वाळत नाही आणि वर चकाकतो ते वेगळंच.

मग सगळीकडे फासायचं नाही. बारीक ब्रशचं टोक नुसतं कोपऱ्याला टेकवायचं, बोल्टच्या बुडाशी, वेल्डच्या रेषेला, रॅक भिंतीला जिथे चिकटतो तिथे. वॉश आपोआप रेषेतून पळतो, बघायला मजा येते. पंधरा-वीस मिनिटं थांबून मग तोच जवळजवळ कोरडा ब्रश. भिंतीवर वरून खाली ओढायचं. फरशीवर मात्र असं ओढायचं नाही, गोल गोल टिपायचं, कारण भिंतीवरची घाण ओघळते आणि फरशीवरची पायाखाली चोळली जाते.

आणि इथेच खरा मुद्दा आहे जो सगळ्यांसाठी आहे. बाहेरून गाडी ऊन-पाऊस-चिखलाने जुनी होते पण आत पाऊस पडत नाही हो. आतली घाण माणसांची असते, बुटांची, हातांची, तेलाची, बारुदाच्या धुराची. तेव्हा ब्रश हातात घ्यायच्या आधी कोण कुठे बसतो ते बघा. टी-३४-८५ मधे पाच माणसं. ड्रायव्हरचं झाकण पुढच्या तिरक्या पत्र्यातच आहे, तो तिथूनच आत घुसतो, म्हणजे त्याचे चिखलाचे बूट आधी झाकणाच्या खालच्या काठाला घासणार, मग सीटवर, मग पेडलवर. तिथे रंग उडालेला आणि मातीचा थर हवा. त्याच्या बाजूला नाकात हवेचे दोन सिलिंडर असतात, इंजिन दाबाच्या हवेने पण चालू करता यायचं त्यासाठी, त्यांना कोण कशाला हात लावतोय, ते तुलनेने स्वच्छ राहूदेत. टरेटमधे तोफेच्या डावीकडे गनर आणि त्याच्या मागे कमांडर, उजवीकडे लोडर. या गाडीला टरेटबरोबर फिरणारी फरशी नाहीये, त्यामुळे टरेट फिरला की बिचारा लोडर खालच्या गोळ्यांच्या पेट्यांवरून चालत फिरणार. पेट्यांवर रबरी मॅट असतात. त्या मॅट काळ्याकुट्ट रंगवू नका, गडद करड्या रंगवा, मधे झिजून फिक्या, आणि कडेला जिथे बूट पोचत नाही तिथे धूळ जमलेली. मी त्या मॅटवर जितका वेळ घालवला तितका अख्ख्या टरेटच्या छतावर नाही घातला, कारण वरून डोकावलं की पहिली नजर तिथेच पडते.

प्रश्न: नमस्कार सर, मी गेली काही वर्षं इंग्लंडमधे आहे. बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमला जाऊन टायगर १३१ हा जर्मन रणगाडा बघून आलो, आतले फोटोही पाहिले. आतून एकदम स्वच्छ हस्तिदंती आहे. मग मॉडेलमधे लोक एवढी घाण आणि गंज का दाखवतात? आणि टायगरला आतून नक्की कुठले रंग? (वाचक, रेडिंग)

उत्तर: नशीबवान आहात, आम्ही अजून फोटोवरच. १३१ ट्युनिशियात एप्रिल १९४३ मधे ब्रिटिशांच्या हाती लागला, आणि आज तो चालतो कारण त्याची पुढे संपूर्ण दुरुस्ती झाली. म्हणजे तुम्ही बघितलंत ते म्युझियमने निगुतीने जपलेलं काम. कुठला भाग कुठे, पाईप कसा वळतो, हँडल कुठल्या बाजूला, यासाठी ते फोटो सोन्यासारखे. घाण किती हवी यासाठी मात्र कामाचे नाहीत, त्यात पाच माणसं महिनाभर राहत नाहीयेत ना.

रंगांचं असं. जर्मन बंद गाड्यांमधे वरचा भाग हस्तिदंती, जर्मन रंगक्रमांकात आरएएल १००१, ते लोक त्याला एल्फेनबाइन म्हणतात. खालचा तळ, टॉर्शन बारच्या, म्हणजे चाकांना स्प्रिंगसारख्या लागणाऱ्या दांड्यांच्या, आसपासचा भाग आणि इंजिनची खोली लाल प्रायमरमधेच, आरएएल ८०१२. १९४४ च्या शेवटाकडे बऱ्याच गाड्यांत हस्तिदंती मारायचंच सोडून दिलं, लाल प्रायमरवरच गाडी बाहेर, त्यामुळे कुठली गाडी कुठल्या महिन्यातली हे आधी ठरवा. तोफेचा ब्रीच-ब्लॉक, म्हणजे गोळा भरायच्या मागच्या तोंडाचा ठोकळा, उघडं स्टील. आणि एक चूक जी मी स्पर्धेतसुद्धा बघतो, झाकणांची आतली बाजू पांढरी रंगवतात. अहो झाकण उघडलं की ती बाजू आकाशाकडे, वरून विमानाला पांढरी टिकली दिसली तर झालंच. झाकणाची आतली बाजू बाहेरच्या रंगात. अमेरिकन शर्मन रणगाड्यालाही तेच, आत पांढरं पण झाकणाची आतली बाजू ऑलिव्ह ड्रॅब.

गंजाबद्दल लिहिलंयत ते या गाडीत जवळजवळ नकोच. युद्धातला रणगाडा अनेकदा काही महिनेच जगायचा, आतून गंजून पोपडे यायला वेळच कुठे मिळाला. रंग उडाला तर खाली लाल प्रायमर दिसेल आणि रोज हात लागणाऱ्या काठावर चकचकीत स्टील. नारिंगी गंज बघितला की मला ती गाडी भंगारात उभी वाटते. भंगारातली दाखवायची असेल तर मग खुशाल दाखवा, पण मग सीटसुद्धा फाटू देत.

प्रश्न: माझे पणजोबा मराठा पलटणीत होते, इटलीत लढले असं घरात सांगतात. त्यांच्या आठवणीसाठी टामियाचं युनिव्हर्सल कॅरिअर, ती छोटी पट्ट्यांवर चालणारी ब्रिटिश गाडी, करायला घेतलंय. ते वरून उघडं आहे त्यामुळे आतलं सगळं दिसतं. आतून पांढरा रंग द्यायचा का? चिखल किती? (वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: हे पत्र वाचून मी माझं बाकीचं काम बाजूला ठेवलं. साताऱ्यातल्या किती घरांत अशी गोष्ट असेल. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत होत्या, यशवंत घाडगे यांना तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी आणि नामदेव जाधव यांना सेनिओ नदीवरच्या ९ एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर. त्यामुळे तुमचं कॅरिअर कुठल्या ऋतूतलं हे आधी ठरवा, कारण रंग आणि चिखल दोन्ही त्यावर.

पांढरा अजिबात नको. वर उघडी असलेली गाडी आतून पांढरी केली तर लपायचं काय राहिलं, म्हणून उघड्या गाड्या आतून-बाहेरून एकाच रंगात. हाच नियम अमेरिकन हाफट्रॅकला, म्हणजे पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेल्या गाडीला, आणि जर्मन २५१ हाफट्रॅकला पण, २५१ आतून बाहेरच्याच रंगात, १९४३ च्या फेब्रुवारीपर्यंत करडा, नंतर गडद पिवळा. ब्रिटिश गाड्यांना १९४४ च्या आधी एससीसी २ नावाचा तपकिरी होता आणि १९४४ पासून एससीसी १५ ऑलिव्ह ड्रॅब आला, तेव्हा १९४५ च्या सेनिओसाठी एससीसी १५ योग्य. आणि जुन्या तपकिरीवर नवा हिरवा चढवलेला दाखवायचा असेल तर चिपिंगमधे, म्हणजे रंगाचे टवके उडालेले दाखवताना, थोडा तपकिरी डोकावू द्या, भारी दिसतं.

आता आतली रचना. ड्रायव्हर पुढे उजवीकडे, त्याच्या डावीकडे गनर, आणि त्या दोघांच्या मागे बरोब्बर मधोमध फोर्डचं व्ही-८ इंजिन पेटीत बसवलेलं, पेटीच्या दोन्ही अंगाला माणसांना बसायला जागा. त्या पेटीचा वरचा पत्रा म्हणजे टेबल, शेगडी, सामान ठेवायचा माळा, सगळं एकच. तिथे रंग घासून गेलेला दाखवा, कडांना ६बी पेन्सिल फिरवा, एक-दोन तेलाचे डाग. ब्लँकेटची गुंडाळी ठेवलीत तर तिच्याखालचा भाग मळका दाखवू नका, कोण उचलून बघतंय, पण तिच्या कडेला धुळीची रेघ असली की ती खरंच तिथे पडून होती असं वाटतं.

मी मघाशी म्हटलं आत पाऊस पडत नाही, तर इथे पडतो. पाऊस, चिखल, पानं, सगळं येतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात आघाडी सेनिओच्या काठाशी अडकून पडली होती, ओलं, गाळाचं सपाट मैदान. चिखल करडा-पिवळट करा, आपली महाबळेश्वरची लाल माती नको प्लीज, गेरू डबीतच राहू दे. फरशीवर थर असा द्या की कोपऱ्यात जाड ओला आणि मधे बुटांनी दाबून चकचकीत झालेला. ओल्यासाठी ग्लॉस व्हार्निश पण फक्त कोपऱ्यांत, नाहीतर गाडी आत्ताच धुतल्यासारखी दिसते. गाडीवरचे नंबर आणि खुणा मात्र अंदाजाने टाकू नका, पणजोबांची पलटण नक्की कुठली हे त्यांच्या कागदांतून कळलं तर टाका नाहीतर कोरी ठेवा, चिखलाखाली झाकली गेली म्हणायला आपण मोकळे. आणि झाल्यावर फोटो पाठवाच.

प्रश्न: काका, मी नववीत आहे, नगरला राहतो. माझ्याकडे एअरब्रश नाही आणि घ्यायला पैसे पण नाहीत. शर्मन बनवतोय, दोन झाकणं उघडी ठेवायची आहेत. ब्रशने पांढरा मारला तर रेघा दिसतात. (वाचक, अहिल्यानगर)

उत्तर: अरे तू तर खजिन्यावर बसलायस! नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासून, रविवारी सायकल काढ आणि जा. विजयंता, सेंच्युरियन, पकडून आणलेला पॅटन सगळे उभे आहेत. गाड्यांवर चढायचं नाही पण झाकणाचे बिजागर केवढे जाड असतात, पत्र्याची कड कशी दिसते, रंगाचे थर कसे सोलतात हे डोळ्यांनी बघून ये, मोबाइलवरच्या शंभर फोटोंत ते कळत नाही.

रेघांचं कारण म्हणजे तू एकाच हातात पांढरं करायला बघतोयस. पांढरा हा सगळ्यात नाठाळ रंग आहे. आधी करडा प्रायमर, मग फिका करडा, मग मळका पांढरा, तीन-चार पातळ हात, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर, आणि ब्रश मऊ, चपटा. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रेचा डबा वापरायचा असेल तर आधी स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या, तुकड्यावर मारून बघ, काही स्प्रे प्लास्टिक खातात, वर सुरकुत्या येतात. गच्चीवर मार, घरात नको, तोंडाला मास्क लाव.

आणि तुझे पैसे वाचवतो. टरेट न चिकटवता नुसता बसव, झाकणं उघडी ठेव आणि मोबाइलचा टॉर्च लावून वरून बघ. जेवढं दिसतं त्याच्यावर पेन्सिलने खूण कर. सीटचा वरचा भाग, तोफेच्या ब्रीचचा शेंडा, भिंतीचा एखादा पट्टा, बास, एवढंच रंगव. बाकी आत गडद करडा फास, कोणाला दिसणार नाही. धुळीसाठी पिगमेंटची भुकटी विकत घेऊ नकोस, चित्रकलेच्या सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या घे, सँडपेपरवर घासून भुकटी कर, तीच धूळ. फक्त रांगोळी वापरू नकोस, एकाने वापरली होती. १/३५ मधे, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या मॉडेलमधे, रांगोळीचा एक जाडसर कण म्हणजे हरभऱ्याएवढा खडा, त्याचा रणगाडा आतून खडी वाहणाऱ्या ट्रकसारखा दिसत होता.

प्रश्न: पावसाळ्यात मॅट व्हार्निश मारलं आणि आतल्या गडद रंगावर पांढरं धुकं आलं. सगळी मेहनत गेली का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर: नाही गेली. लॅकर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि तुमच्याकडची जुलैची हवा म्हणजे पिळून काढावी अशी, तिच्यातलं पाणी त्या गार थरात अडकतं, तेच धुकं. त्याच्यावर सावकाश उडणाऱ्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा मारा, थर पुन्हा विरघळून पाणी बाहेर पडतं आणि धुकं बहुतेक वेळा जातं. ते नसेल तर पातळ ग्लॉस मारून बघा, मग कोरड्या दिवशी मॅट. पावसाळ्यात मी व्हार्निशचं काम दुपारी करतो, मॉडेल आधी तासभर टेबललॅम्पच्या उबेला ठेवून. पागोळ्या गळत असताना मॅट मारायचाच नाही, तेवढ्या वेळात सँडिंग करा.

प्रश्न: सर, आतलं सगळं रंगवून पूर्ण केलं, सुंदर झालं, आणि आता हलचा, म्हणजे टरेटखालच्या मुख्य धडाचा, वरचा भाग बसतच नाहीये. एक मिलिमीटरची फट राहते. किट खराब आहे का? (वाचक, पुणे)

उत्तर: किट बहुतेक चांगलंच आहे, तुमचा रंग जाड झालाय. आतल्या भागांसकट येणाऱ्या किटमधे सगळं असं घट्ट मापात बसवलेलं असतं की प्रायमर, दोन कोट, ग्लॉस, मॅट असे थर दोन्ही बाजूंच्या जोडावर चढले की गणित कोलमडतं. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीत साडेतीन सेंटिमीटर, एवढी फट तर बोटं घालायला झाली.

आता उपाय. जबरदस्तीने दाबून क्लिप लावू नका, आतला एखादा रॅक सुटेल आणि तो सुटल्याचा आवाज तुम्हाला रात्री झोपेत ऐकू येईल. आधी कुठे अडतंय ते शोधा. जोडाच्या कडेला खडूची भुकटी लावा, वरचा भाग टेकवून उचला, जिथे खडू वर चिकटला तिथे अडतंय. आमच्याकडे सुतार दाराची चौकट अशीच बघतो. तिथला रंग कटरच्या पात्याने खरवडून प्लास्टिकपर्यंत जा. तरीही राहिलं तर बघा एखादा रेडिओ किंवा गोळ्यांचा रॅक जरा वर चिकटवला गेलाय का, माझ्याकडे दहातल्या आठ वेळा तोच चोर असतो.

पुढच्या वेळी रंगायच्या आधी प्रत्येक जोडावर मास्किंग टेपची बारीक पट्टी. आणि सगळं कोरडं, बिनगोंदाचं, एकदा पूर्ण बसवून बघा, टेपने बांधून. कंटाळा येतो मान्य आहे. भाग मी वेगवेगळे टूथपिकला ब्लू-टॅकने चिकटवून रंगवतो, घरात थर्माकोलच्या तुकड्यावर टूथपिकांची शेती उभी असते, आईने एकदा ती केराच्या डब्यात टाकली होती त्यानंतर त्याच्यावर चिठ्ठी असते.

पटापट थोडे.

घड्याळांचे डायल कसे? डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र, लावा, वाळल्यावर ग्लॉस व्हार्निशचा एक थेंब काडीने सोडा, काच तयार.

वायरिंग? खराब हेडफोनची वायर सोला, आतले तांब्याचे केस मिळतात. रंगायच्या आधी लावा.

पितळी गोळे पितळेसारखे का दिसत नाहीत? खाली चकचकीत काळा मारा, वर पितळी, मग बघा. आणि सगळे एकसारखे चकचकीत ठेवू नका, रॅकमधले जरा मळके, हातातला एखादा पुसलेला.

स्पंजने चिपिंग केलं तर देवीचे व्रण आल्यासारखं का दिसतं? कारण तुम्ही भिंतीच्या मधोमध टेकवताय. भिंतीला कोण लाथा मारतं? काठ, पायऱ्या, लोडरच्या कोपराची जागा, तिथेच. स्पंज आधी कागदावर टिपून टिपून जवळजवळ रिकामा करा.

हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेन्टाइन चालेल का? वॉश पातळ करायला चालतं, पण आधी स्प्रूवर बघा आणि साचू देऊ नका. ताण असलेल्या जोडात थिनर साचला की प्लास्टिक ठिसूळ होतं. माझ्या एका शर्मनची दोन चाकं अशीच रात्रीत गळून पडली, सकाळी उठून बघतो तर गाडी गुडघ्यावर.

शेवटचा प्रश्न, जो वेगवेगळ्या शब्दांत सात-आठ जणांनी विचारलाय: एवढं सगळं करून शेवटी झाकण लावलं की कोणाला काय दिसणार?

उत्तर: काही दिसणार नाही, खरं सांगतो. म्हणून टरेट कधीच चिकटवू नका, आणि वरचा पत्रा शक्य असेल तर छोट्या चुंबकांवर बसवा, कोपऱ्यांत आतून चार लावले की पुरतात, पाहुणे आले की उचलून दाखवता येतं. चुंबक चिकटवताना दिशा मात्र तपासा, मी एकदा उलटे लावले आणि छत दर वेळी उडी मारायचं.

ही अक्कल आली ती माझ्या पहिल्या पँथर या जर्मन रणगाड्याच्या मॉडेलनंतर. तीन महिने आतलं रंगवलं होतं, हस्तिदंती, गोळे, रेडिओ, सगळं, आणि उत्साहाच्या भरात सगळं कायमचं चिकटवून टाकलं, फोटोसुद्धा काढला नाही. आता तो कपाटावर आहे. कोणी विचारलं की आतून केलंय का, तर मी तो उचलून कानाशी हलवायला देतो, रॅकमधून सुटलेला एक गोळा आत खडखडतो.